निफाडचा ड्रायपोर्ट द्राक्षांसाठी बांधू नका

प्रति,
अध्यक्ष, जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण,
विभागीय रेल्वे व्यवस्थापक, भुसावळ,
व्यवस्थापकीय संचालक, महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ,
आणि नाशिक जिल्ह्याचे सर्व लोकप्रतिनिधी

विषय : निफाडचा नियोजित ड्रायपोर्ट, त्यातून जाणारा माल आणि न जाणारा माल

महोदय,

निफाड साखर कारखान्याच्या जागेवर होणाऱ्या ड्रायपोर्टबद्दल (कंटेनर रेल्वेत चढवून बंदराला पाठवण्याच्या जमिनीवरच्या तळाबद्दल) जिल्ह्यात कित्येक वर्षं एकच वाक्य फिरतंय : द्राक्षं इथंच रेल्वेत चढतील आणि थेट न्हावा शेव्याच्या बंदरात उतरतील. सभेत टाळ्या घेणारं वाक्य आहे. पॅकहाउस, शीतगृह, ट्रेलर आणि बंदराचं गेट यांच्यामध्ये काम करणाऱ्यांचा हिशेब मात्र तसा जुळत नाही. ड्रायपोर्टला आमचा विरोध नाही, उलट तो लवकर व्हावा. पण कोणत्या मालासाठी, हे ठरवल्याशिवाय काँक्रीट ओतलं तर तिथे एक मोठं, देखणं आणि रिकामं यार्ड उभं राहील.

आधी द्राक्षांचं बोलू. निफाड-पिंपळगाव-दिंडोरी पट्ट्यापासून न्हावा शेवा साधारण २०० किलोमीटर. पॅकहाउसच्या दारात ४० फुटी रीफर (माल गार ठेवणारा कंटेनर) लागतो, त्यात १३ टनांच्या आसपास माल भरला जातो, निर्यातदार स्वतःच ई-सील लावतो, आणि रस्ता मोकळा असेल तर सहा ते आठ तासांत ट्रेलर बंदराच्या गेटवर असतो. एकदा भरलेला डबा मधे कुठेही उचलला जात नाही.

हाच डबा रेल्वेने पाठवायचा तर काय होतं ते पाहा. पॅकहाउस ते ड्रायपोर्ट हा दहा ते चाळीस किलोमीटरचा प्रवास ट्रेलरनेच करावा लागतो. तिथे क्रेनने डबा उतरवायचा, मग रॅक, म्हणजे अख्खी मालगाडी, भरेपर्यंत थांबायचं. कंटेनरच्या प्रमाणित रॅकला ४५ वाघिणी असतात, म्हणजे ४० फुटी ४५ डबे. ते एका दिवसात जमले तरी वेगवेगळ्या जहाज कंपन्यांचे, वेगवेगळ्या कटऑफचे (डबा बंदरात देण्याच्या शेवटच्या वेळेचे) आणि बंदरातल्या वेगवेगळ्या टर्मिनलांचे असतात. न्हावा शेव्यात एक टर्मिनल नाही, अनेक आहेत. मिश्र रॅक पोचला की डब्यांची टर्मिनलवार वाटणी करावी लागते आणि वाटेत वाचवलेला वेळ तिथे दुप्पट खर्ची पडतो. या सगळ्यात डबा दोन वेळा जास्त उचलला जातो आणि प्रत्येक उचलीचे पैसे लागतात. रेल्वेचं भाडं प्रतिकिलोमीटर कितीही स्वस्त असो, २०० किलोमीटरमध्ये हे दोन जादा झेलाझेलीचे खर्च भरून निघत नाहीत. साधारण ५०० किलोमीटरच्या पुढे गणित रेल्वेच्या बाजूला झुकायला लागतं, हे कंटेनरच्या धंद्यात कोणीही सांगेल.

शिवाय मधे थळघाट, म्हणजे कसारा घाट, आहे. इगतपुरी-कसारा दरम्यान चढण १ : ३७. मुंबईकडे उतरणाऱ्या मालगाडीचे ब्रेक इगतपुरीला तपासावे लागतात आणि ती सावकाश उतरवावी लागते. रिकामे डबे घेऊन वर येणाऱ्या गाडीला कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं जोडावी लागतात. घाट उतरल्यावर कल्याणपर्यंत उपनगरी गाड्यांची गर्दी, पुढे दिवा-पनवेल. मालगाडीला या मार्गावर किती वेळ साइडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभं राहावं लागेल, याची हमी कोणीच देत नाही.

आणि द्राक्षाला थांबणं सोसत नाही. ही गोष्ट नकाशावर दिसत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. घड पहाटे गारव्यात तोडले जातात. पॅकिंग होताच ते प्रीकूलिंगमध्ये जातात आणि सहा-आठ तासांत मण्याच्या गाभ्याचं तापमान ४ अंशांच्या खाली आणावं लागतं. पुढचा सगळा प्रवास शून्याच्या आसपास. इथे एक गैरसमज सरकारी सादरीकरणांतही आढळतो : रीफर कंटेनर माल गार करत नाही, गार केलेला माल गार ठेवतो. डब्याची वीज तीन-चार तास गेली आणि आतलं तापमान पाच-सहा अंशांनी चढलं, की पुन्हा वीज आल्यावर पेटीत दव धरतं. प्रत्येक पेटीत सल्फर डायऑक्साइड सोडणारा ग्रेपगार्डचा कागद असतो. तो ओलाव्यावर काम करतो. जास्त ओल मिळाली की तो एकदम गॅस सोडतो. मग देठाजवळ मणी पांढरे पडतात, किंवा गॅस आधीच संपून शेवटच्या आठवड्यात बुरशी येते. नुकसान इगतपुरीच्या साइडिंगला होतं, दिसतं रॉटरडॅमला. तेव्हा तिथला आयातदार भाव पाडतो आणि तो तोटा कोणाच्या नावावर मांडायचा, हे कधीच ठरत नाही.

डिसेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे युरोपची जहाजं सुएझ सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली, तेव्हा प्रवास जवळपास दोन आठवड्यांनी लांबला. समुद्रावरचे दिवस आपल्या हातात नाहीत. म्हणूनच जमिनीवरच्या तासांची किंमत वाढली आहे. अशा वेळी द्राक्षाच्या प्रवासात एक जादा थांबा घालणं म्हणजे आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेणं.

मग द्राक्षांना हवंय काय? तीन गोष्टी, आणि तिन्ही ड्रायपोर्टच्या मानाने स्वस्त. जानेवारी ते एप्रिल या काळात पॅकहाउसच्या फीडरला अखंड थ्री फेज वीज. बंदराकडच्या टोकाला ट्रेलर थांबेल आणि रीफरला ४४० व्होल्ट, ३२ अँपिअरचा सॉकेट मिळेल असा तळ. आणि ठाणे-नवी मुंबईच्या हद्दीत अवजड वाहनांना बंदी असलेल्या वेळांतून नाशवंत मालाच्या रीफरला सूट. आज सकाळी भरलेला ट्रेलर बंदीची वेळ संपेपर्यंत रस्त्याकडेला उभा राहतो, डब्याला वीज देणारा जेनसेट ताशी अडीच-तीन लिटर डिझेल पीत राहतो, आणि बंदी उठून सगळे एकदम सुटले की पुढच्या फाट्यावर तीच गर्दी.

रस्ते विकास महामंडळाला इथे एक सांगायचं आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. इगतपुरीच्या बोगद्यामुळे कसारा घाट टळला, हे काम खरोखर मोठं आहे. पण कंटेनर आमण्याला उतरतो आणि भिवंडीच्या, वडपे-माजिवड्याच्या कोंडीत शिरतो. घाटात वाचलेला तास तिथे जातो. नागपूरहून येणाऱ्याला हा तास किरकोळ वाटेल, नाशिकच्या ट्रेलरला तो अख्ख्या प्रवासाचा सहावा-सातवा हिस्सा आहे. वडोदरा-मुंबई द्रुतगती मार्गाचा बदलापूरवरून मोरब्याकडे उतरणारा भाग आमच्या दृष्टीने म्हणूनच समृद्धीइतकाच महत्त्वाचा आहे. समृद्धीवरून त्यावर अवजड ट्रेलर सिग्नल न लागता कसा चढेल, ती जोडणी किती मार्गिकांची असेल, हे आत्ताच पक्कं करा. दुसरी गोष्ट निफाडपासून गोंद्याच्या इंटरचेंजपर्यंतची. सिन्नर तालुक्यातलं ते चढण्याचं ठिकाण कागदावर जवळ दिसतं. ४० फुटी ट्रेलरला वळणाची त्रिज्या, साखळी गतिरोधक आणि आठवडे बाजार यांचाही हिशेब करावा लागतो.

वाढवणचं गणित वेगळं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झालेलं, ७६,२२० कोटींचं हे बंदर उभं राहिलं की नाशिकची जागाच बदलेल. तवा ते भरवीर हा सुमारे १०५ किलोमीटरचा जोडरस्ता राज्य सरकारने २०२५ मध्ये मंजूर केला आहे. तो झाला तर नाशिकच्या डब्याला ठाण्याचं तोंडही पाहावं लागणार नाही. पण मग द्राक्ष आणखीच रस्त्याचं होईल, रेल्वेचं नाही. जवळ आलेल्या बंदरासाठी रेल्वे कोण वापरतो?

आता कांदा. निफाडला रेल्वे हवी ती इथे.

कांद्याचं गिऱ्हाईक लांब आहे. लासलगावपासून दिल्ली लोहमार्गाने सुमारे १३०० किलोमीटर, पाटणा दीड हजाराच्या आसपास, गुवाहाटी त्याच्याही कितीतरी पुढे. माल जड, भाव किलोला रुपयांत मोजायचा, त्यामुळे भाड्यातले पैसे-पैसे जाणवतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राच्या राखीव साठ्यातला कांदा नाशिकहून दिल्लीच्या किशनगंज स्थानकावर रेल्वेने गेला : ४२ बंद वाघिणी, १६०० टन, तीन दिवस. त्या वेळी सरकारने दिलेला हिशेब असा की, ५६ ट्रकांइतक्या या मालाला रेल्वेने ७० लाख २० हजार पडतात आणि रस्त्याने ८४ लाख. फरक १३ लाख ८० हजारांचा.

आकडा मोठा वाटतो, पण तो गोणीवर आणू. ५० किलोची गोणी धरली तर १६०० टनांच्या ३२,००० गोण्या, म्हणजे गोणीमागे ४३ रुपये. हा फरक निव्वळ वाहतुकीचा धरला तर त्यातून काय-काय जायचं आहे ते बघा. ट्रक थेट व्यापाऱ्याच्या खळ्यावर भरतो आणि दिल्लीच्या आझादपूर बाजारातल्या गाळ्यापुढे रिकामा होतो. एकदा भरणं, एकदा उतरवणं. रेल्वेच्या मालाला खळ्यावर ट्रकमध्ये, मालधक्क्यावर वाघिणीत, तिकडे वाघिणीतून ट्रकमध्ये आणि शेवटी गाळ्यावर, अशा चार हमाल्या. शिवाय दोन्ही टोकांचं स्थानिक भाडं. गोणी जितक्या वेळा आपटते तितका कांदा सालपट सोडतो आणि मार खातो, ती घट वेगळी. त्या ४३ रुपयांतले किती उरतात, हे मालधक्का कसा बांधलाय त्यावर ठरतं. सरकारी साठ्याला हा तपशील फारसा बोचत नाही. खासगी व्यापाऱ्याला बोचतो, म्हणून तो ट्रकच लावतो.

म्हणजे ड्रायपोर्टचा कस इथे लागणार आहे. ४२ वाघिणींचा रॅक इंजिन सोडून सुमारे ६१० मीटर लांब होतो. धक्का तेवढा नसेल तर रॅक दोन तुकड्यांत तोडून आलटून-पालटून लावावा लागतो. शंटिंगमध्ये तास जातात आणि भरण्यासाठी दिलेली मोफत वेळ उलटली की डेमरेज (उशिराचा दंड) सुरू. ३२,००० गोण्या म्हणजे वाघिणीला साडेसातशेच्या वर. सव्वाशे हमाल लावले तरी एकेकाच्या पाठीवर अडीचशेहून जास्त येतात. म्हणून धक्क्याची उंची वाघिणीच्या तळाला बरोबर लागली पाहिजे, दोन्ही बाजूंनी भरता आलं पाहिजे, आणि उतरत्या पट्ट्यांची सोय हवी. वर पत्रा हवा, पूर्ण लांबीचा. उन्हाळी कांदा चाळीतून निघून जून ते ऑक्टोबर या काळात जातो, म्हणजे ऐन पावसात. उघड्या धक्क्यावर भिजलेली गोणी बंद वाघिणीत गेली की ती शेजारच्या दहा गोण्या घेऊन बसते.

वाघिणीचा प्रश्न तर मुळात सोडवलेलाच नाही. बंद वाघीण सिमेंट, खत, धान्यासाठी. तिच्यात वारा खेळत नाही. कांदा श्वास घेणारा माल आहे. उन्हात तापलेल्या डब्यात तो घामेजतो, काजळी धरतो, कोंब फुटतात. रॅक चालत असतो तोवर निभावतं, मधल्या जंक्शनला बारा तास उभा राहिला की संपलं. आम्ही नवा शोध लावा म्हणत नाही. बाजूला झडपा असलेले, जुन्या प्रवासी डब्यांतून बदलून केलेले मालडबे रेल्वे मोटारी वाहण्यासाठी वापरतेच. हंगामात त्यातले काही रॅक भुसावळ विभागाकडे ठेवा आणि निघाल्यावर मधे न थांबवता सोडण्याची वेळापत्रकी हमी द्या. भाड्यातल्या सवलतीपेक्षा ही हमी व्यापाऱ्याला जास्त मोलाची आहे.

सवलतीवर उभं राहिलेलं टिकत नाही, याचा धडा याच मार्गावर मिळालेला आहे. ७ ऑगस्ट २०२० ला देशातली पहिली किसान रेल्वे देवळालीहून दानापूरला सुटली. १५१९ किलोमीटर, वेळापत्रकात पावणेबत्तीस तास, आणि नाशिकरोड, मनमाड, जळगाव, भुसावळ असे थांबे घेत. पुढे भाड्यात ५० टक्के सवलत मिळाली. तिचं खरं बळ सवलतीत नव्हतं. चार क्विंटल माल असलेल्या शेतकऱ्यालाही तिच्यात जागा मिळत होती, आणि गाडी कधी पोचणार हे माहीत होतं. सवलत संपली तशा गाड्या आटल्या आणि त्याबरोबर हे दोन गुणही गेले. पूर्ण रॅकचं इंडेंट (मागणीपत्र) एकटा व्यापारी टाकू शकत नाही. निफाडला अर्ध्या रॅकची सोय ठेवा आणि दोन-तीन व्यापाऱ्यांना मिळून इंडेंट टाकता येऊ द्या. गाड्या आपोआप भरतील.

निफाडची खरी ताकद कुठे आहे? निफाडात नाही, पूर्वेला काही स्थानकं सोडून असलेल्या मनमाडात आहे. मुंबई-भुसावळ मुख्य मार्ग, दौंडकडे जाणारा मार्ग आणि छत्रपती संभाजीनगर-नांदेडकडे जाणारा मार्ग तिथे एकत्र येतात. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला १८,०३६ कोटी मंजूर केले. नोव्हेंबरमध्ये जळगाव-मनमाड चौथ्या मार्गिकेलाही मंजुरी मिळाली. अन्न महामंडळाची प्रचंड गोदामं आणि पानेवाडीचे इंधनाचे डेपो उगाच मनमाडजवळ आलेले नाहीत. ज्यांना चारी दिशांना माल सोडायचा असतो ते जंक्शनच्या जवळ बसतात. इंदूरचा मार्ग झाला की माळवा, तिथून राजस्थान आणि दिल्लीकडे भुसावळ-इटारसीला न जाता वाट मिळेल. निफाडचा ड्रायपोर्ट पश्चिमेकडे बंदराला तोंड करून नव्हे, पूर्वेकडे मनमाडला तोंड करून आखा. साइडिंग मुख्य मार्गाला दोन्ही टोकांनी जोडा. एका टोकाने जोडलेल्या साइडिंगमध्ये प्रत्येक रॅकचं इंजिन फिरवावं लागतं आणि तेवढा वेळ मुख्य मार्ग अडतो. मग गाड्यांच्या नियंत्रणाला ते ठिकाणच नकोसं होतं.

कंटेनरसाठी निफाडला काहीच काम नाही, असंही नाही. एक आहे आणि ते कोणी बोलत नाही : रिकाम्या डब्यांचं. जिल्ह्यात निर्यात भरपूर, आयात थोडी. त्यामुळे रिकामे रीफर उरण-न्हावा शेव्याच्या यार्डांतून रिकामेच वर आणावे लागतात. भाडं ४०० किलोमीटरचं, माल २०० किलोमीटरचा. मार्चच्या भरात यार्डातच रांग लागते, घाईत उचललेल्या डब्याची यंत्रणा नीट तपासलेली नसते आणि पॅकहाउसला आल्यावर कळतं की कॉम्प्रेसर तापमान धरत नाही. निफाडला जहाज कंपन्यांचे रिकामे रीफर आगाऊ आणून ठेवा, भरण्यापूर्वीची तपासणी तिथेच करा, चालू सॉकेटवर रात्रभर चालवून बघा. या रिकाम्या डब्यांना घाई नसते, आणि ते हंगामाआधी डिसेंबरमध्ये रेल्वेने वर आणले तरी चालतं. द्राक्षाच्या प्रवासात रेल्वेला खरंच जागा असेल तर ती इथे आहे, रिकाम्या डब्यांच्या खाली.

जालन्याचा उल्लेख टाळता येत नाही. तिथल्या ड्रायपोर्टची पायाभरणी डिसेंबर २०१५ मध्ये झाली. तिथे निदान स्टीलच्या कारखान्यांना भंगार आणायचं आणि सळई न्यायची, असा बारमाही दुतर्फा माल आहे, आणि तरीही पायाभरणीनंतर किती वर्षं गेली ते सगळ्यांनी पाहिलं. निफाडला तसा दुतर्फा माल नाही. द्राक्षांच्या चार महिन्यांवर बारा महिन्यांचं यार्ड चालत नाही.

एक कडू गोष्टही सांगायला हवी, जी आपल्यापैकी कोणाच्याच अखत्यारीत येत नाही. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली, ४ मे २०२४ ला टनाला ५५० डॉलरचं किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून उघडली, सप्टेंबरमध्ये शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला शून्यावर. एका अधिसूचनेने रस्ता, रेल्वे, बंदर सगळं एका रात्रीत निरुपयोगी होतं. २०२० च्या टाळेबंदीत लासलगावहून बांगलादेशातल्या दर्शना या स्थानकाला कांद्याच्या मालगाड्या गेल्या होत्या. त्या वाटेचं गिऱ्हाईक असं दोनदा-तीनदा वाऱ्यावर सोडलं की ते दुसऱ्या देशाचा कांदा शोधतं. म्हणून ड्रायपोर्टचा नफा-तोटा मांडताना निर्यातीवर सगळी भिस्त ठेवू नका. देशांतर्गत कांद्यावर तो तगतो का, ते आधी तपासा. आमच्या मते तगतो.

आपल्याकडून तातडीने काय हवं ते नेमकं लिहितो. निफाडच्या आराखड्यात साइडिंगची सलग सरळ लांबी किती मीटर धरली आहे, हा आकडा जाहीर करा. ७५० मीटरच्या खाली असेल तर निविदा थांबवा. झाकलेला धक्का किती मीटर, साइडिंग किती टोकांनी जोडलेली, रीफरचे सॉकेट किती, हेही त्याच कागदावर असू द्या. आणि नांदूरमध्यमेश्वरचा पाणथळ प्रदेश व गोदावरीचे कालवे असलेल्या या तालुक्यात यार्डाचा भराव किती उंच धरलाय, तेवढं पाहून घ्या. २०१९ च्या पुरात निफाड-सायखेड्याला पाणी कुठवर आलं होतं, हे गावात कोणीही दाखवील.

कळावे,

नाशिक जिल्ह्यात द्राक्ष-कांद्याचं पॅकिंग, साठवण, वाहतूक आणि कस्टमचं काम करणारे काही जण